बोटीतली कुंची

वहिनीने शिवलेली कुंची वाऱ्याने उडाली नव्हती. ती मी समुद्रात टाकली. सतरा वर्षं हे कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात अलिबागहून वहिनी गेल्याची तार आली, तेव्हा आधी आठवली ती ती कुंचीच...

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. विसाव्या वर्षी विधवा झाली. प्रवासात शिवण सोबत न्यायची तिची सवय. बैलगाडी असो की रेवसची आगबोट, बूड टेकलं की पिशवीतून सुई बाहेर. लाटेने हात हलून टाका वाकडा पडला तर उसवायची नाही. "भावोजी, हा मांडव्याजवळचा," म्हणून मला दाखवायची.

माझ्या मुलीच्या बारशाला आम्ही दोघं मुंबईला, माझ्या सासुरवाडीला निघालो होतो. वहिनीच्या मांडीवर बाळासाठी लाल खणाची कुंची, नुसती कड घालायची राहिलेली. समोरच्या बाईंना राहवेना. "अगो, तान्ह्या बाळाला तुझ्या हातची कुंची? काही शकुन-अपशकुन?" वहिनीने मानही वर केली नाही. "नवरा माझा गेलाय, काकू. सुईचा नाही." आसपासच्या बायका हसल्या. मी नाही हसलो. माझ्या डोळ्यांपुढे सासूबाई उभ्या होत्या. वहिनी पाणी प्यायला उठली आणि मी कुंची कठड्यावरून सोडून दिली... "वाऱ्याने गेली," म्हणालो. तिने समुद्राकडे पाहिलं. पाणी तेलासारखं सपाट. "बरं," म्हणाली, आणि उरलेला खण काढून सुईत पुन्हा दोरा ओवला. धक्क्यावरून निघालेल्या घोडागाडीतही ती शिवतच होती.

बारशाला तिला पाळण्याजवळ कुणी बोलावलं नाही. ती आपण होऊन आली आणि सगळ्यांदेखत नवी कुंची माझ्या हातात दिली. "भावोजी, ही वाऱ्याला देऊ नका." मी ती ट्रंकेच्या तळाशी दडवली. पुढे तिने विचारलं, तर लहान झाली म्हणून सांगितलं. तिने ऐकून घेतलं. शिवण काही थांबवलं नाही. थळच्या कोळणी आपल्या पोरांच्या कुंच्या तिच्याकडूनच शिवून नेत.

ती कुंची आज माझ्यापुढे आहे. खण विटलेला नाही. कडेला तीन टाके वाकडे आहेत, घोडागाडीला हिसके बसले तिथले. माझ्या त्याच मुलीला या महिन्यात मूल होईल. बारशाला मी बाळाला हीच कुंची घालणार आणि कुणी शिवली तेही मोठ्याने सांगणार. ज्यांना खपणार नाही त्यांनी घुगऱ्या खायला येऊ नये.

पण वहिनीचं देणं याने फिटत नाही. वारा नव्हता, हे मी तिला तिच्यासमोर सांगायला हवं होतं. ते राहिलं.