वळणावर न कलणारी मोटार

आमच्या लेकाच्या गाडीत वळण आलेलं कळतही नाही. तरी माहेरच्या, जोयड्याच्या रस्त्याला लागलं की मला आठवते ती माझ्या लग्नातली भाड्याची काळी मोटार. तिच्या ड्रायव्हरचं नाव मी विचारलं नाही. नव्या नवरीनं असलं काही विचारायचं नसे.

मला खानापूरला सासरी न्यायच्या आधी तो मोटारीखाली वाकला आणि एका लोखंडी दांडीवर पाना ठोकून कान देऊन ऐकत राहिला.

“ही बेळगावात बसवून घेतलीया,” तो आमच्या ह्यांना म्हणाला. “दोन्हीकडच्या चाकांना जोडलीया. वळणावर गाडी कलत न्हाई.”

“भलतीच हौस हाय की!” हे हसले.

“हौस कसली, सायब. माझी लेक ह्याच गाडीतनं सासरी गेली. वाटभर ओकत गेली. मागं वळून बघायचंबी झालं न्हाई तिला.”

मग त्यानं मोटार सुरू केली. गावाबाहेरच्या वळणावर मोटार खरंच कलली नाही. समोरची नजर न काढता तो म्हणाला, “पोरी, आता बघ मागं.”

मी वळले. विझलेल्या निरांजनाचं ताट धरून आई अजून रस्त्यातच उभी होती.