धोबन आली का?

परवा सकाळी मिस्त्रीवर चांगलीच उखडले. ग्वाल्हेरला थाटीपुरातल्या आमच्या घराच्या मागच्या अंगणात दिवाळीच्या आत फरशी बसवायची होती... आणि हा माणूस आठवडाभर नुसता "बस दीदी, दो दिन" म्हणत होता.

फरशी ही माझी आयडिया. अंगणात नळापाशी कायम ओल, त्यात चिखल, आणि बाबा ऐंशीच्या घरात. कुठे घसरले तर काय घ्या.

तसे बाबा हल्ली अंगणात जातच नाहीत म्हणा. आईला जाऊन आठ महिने झाले, तेव्हापासून त्यांनी मागचं दार उघडलेलं मला आठवत नाही. जेवतात, पेपर चाळतात, काही विचारलं तर "हो" किंवा "नको"... संपलं. मी सिटी सेंटरला बँकेत जाते, संध्याकाळी परतते तर ते त्याच खुर्चीत. खरं सांगते, मी आतून घाबरले होते. आता यांना कशाचीच वाट बघायची उरलेली नाही, असं वाटायला लागलं होतं.

तर मिस्त्री. मी फोनवर आवाज चढवला तसा बिचारा म्हणाला, "दीदी, बाबूजी ने ही तो बोला था. पहले धोबन आ जाए, फिर काम लगाना. आपकी धोबन आई क्या?"

मी म्हटलं, कौनसी धोबन? हमारे यहाँ तो मशीन है.

"फिर बाबूजी किसकी राह देख रहे हैं?"

तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

धोबन म्हणजे पाखरू. काळं-पांढरं, चिमणीपेक्षा जरा लांबट, शेपटी सारखी वरखाली करत जमिनीवर तुरुतुरु पळणारं. मराठीत परीट, पण आई तिला परटीणच म्हणायची. थंडीच्या तोंडावर ती कुठून कुठून डोंगर ओलांडून येते आणि आमच्या नळापाशी, त्याच ओलीत किडे टिपते. दसरा झाला की आई रोज सकाळी चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायची. ती दिसली की आत हाक... "परटीण आली हो, स्वेटरं उन्हात घाला." मग बाबा पलंगाखालची ट्रंक ओढायचे.

आणि मी नेमकी तीच ओल बुजवायला निघाले होते. बाबा माझ्याशी भांडले नाहीत, नको म्हणाले नाहीत. फक्त मिस्त्रीला थांबवून ठेवलं. मला फार लाज वाटली... आणि खोटं कशाला बोलू, आनंदही झाला. म्हणजे ते वाट बघत होते तर.

संध्याकाळी मागच्या दाराची कडी तेवढी काढून ठेवली.

आज रविवार. उठून बघते तर दार उघडं आणि बाबा पायरीवर, आईच्या जागी. मला बघून त्यांनी हातानेच थांबवलं. नळापाशी ती होती... एकटीच, शेपटी हलवत, इकडून तिकडे नुसती धावपळ. आम्ही दोघं बघत राहिलो. गॅसवर दूध उतू गेलं ते नंतर कळलं.

मग बाबांनी स्वतः मिस्त्रीला फोन लावला. "आ गई, भाई. अब आ जाओ. बस दरवाज़े से गेट तक रास्ता बना दो, नल के पास कच्चा ही रहने देना."

फोन ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "स्वेटरं उन्हात घालायला हवीत गं."

दुपारी गच्चीवर सगळी स्वेटरं पसरली. आईचं निळंही.

मिस्त्री उद्या येतोय. काम लांबवल्याबद्दल मिस्त्रीला मनापासून थँक्यू म्हणणारी ग्वाल्हेरातली मी पहिलीच बाई असेन...