कानांनी राखलेली मुलगी

मुलीची दृष्टी गोवराच्या तापात गेली, तिसऱ्या वर्षी. पांढरकवड्याच्या डॉक्टरांनी हात टेकले, नागपूरच्यांनीही तेच सांगितलं. घरी आल्यावर मी रडत बसले नाही, यादी केली. विहिरीवर फळ्या. चुलीपुढे मातीचा कठडा. विळी उंच कोनाड्यात. शेवटी सोनाराकडून तिच्या पायांत घुंगरांच्या तोरड्या.

शेजारणींनी तोरड्यांचं कौतुक केलं. मला मात्र त्या नटण्यासाठी नको होत्या. भाकरी थापताना माझे कान पोरीच्या पायांशी असत. आवाज थांबला की पीठभरल्या हातांनी मी अंगणात. दिवसातून वीसदा तरी. बहुतेक वेळा ती नुसती उभी असे.

"अवं, थांबली म्हणजे मेली का पोर?" मालक एकदा चिडून म्हणाले.

"तुमी दिवसभर वावरात असता. तुमाले काय!"

पण जेवताना तेही घास हातात धरून ऐकत बसत. मी ते पाहत होते, बोलले कधीच नाही.

साठ-एकसष्टचं साल असेल. पोर आठ वर्षांची होती. कापसाची वेचणी चालू होती, मागची खोली छतापर्यंत भरलेली. त्या दिवसांत दमून दुपारी मी तासभर झोपत असे. एक दिवस न झोपता तूर पाखडायला बसले आणि एकदम ध्यानात आलं, बराच वेळ घुंगरू वाजलेला नाही. सूप टाकलं. खोली पाहिली, गोठा पाहिला, विहिरीच्या फळ्या हातांनी चाचपल्या. हाका मारत गल्लीत आले, तर तिसऱ्या घराच्या अंगणात ती पोरींबरोबर भातुकली खेळत होती. मी जाऊन पाठीत एक धपाटा घातला.

"काहून मारता वो बाई?" घरधनीण बाहेर आली. "रोजच येते न ते!"

रोज? मी खाली बसून तोरड्या पाहिल्या. एकेका घुंगरात खराट्याच्या काडीनं कापूस ठासून भरलेला.

"हे कायले केलं?"

"तू निजली का भरते, मंग काढून टाकते. नाही तं आवाज थांबला का तू धावत येते माय," ती म्हणाली. "मंग पोरी घाबरतात. मले खेळात घेत नाहीत."

त्या रात्री तिनेच तोरड्या काढून माझ्या हातात दिल्या.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाला हात लावत खेळायला निघाली. मी दारात उभी. कुंपण संपल्यावर पाच-सहा पावलं मोकळी जागा होती. तिथे ती थांबली. मी पदर दातांत धरला.

"माय, तू आत जाय," मागे न वळता ती म्हणाली.

मी आत गेले. मालक दाराआड उभे होते. वावरात जातो म्हणून सांगून ते गेलेच नव्हते.

"पोचली का?"

"नाही पाह्यलं."

ते बाहेर पाहायला निघाले. मी त्यांचा हात धरला, आणि आम्ही दोघं तसेच उभे राहिलो.