सुक्कं घासलेले दगड

त्या वक्ती घरात आमी चौघं व्हतो. मी, माझे मालक, माझी सासू अन् आमची एकुलती एक पोरगी. भितीपल्याड चुलत जाऊ ऱ्हायची, ती सारखी आमच्याच घरात, म्हनून तिला बी धरा. विहिरीवर पाटलीन. अन् वर्साकाठी एक म्हातारा शिकलगार यायचा, सुऱ्या-कात्र्यांला धार लावून द्यायचा. एवढीच मान्सं. त्यातली आता मी अन् पोरगी उरलाव. नावं सांगत न्हाई. गेलेल्याची नावं घिऊन काय करायचं.

आमचं गाव पिंगळीच्या टेसनाजवळ. मालक रेल्वेच्या गँगमधी रोजंदारीवर व्हते. रुळाखाली खडी ठोकायची, सिलिपाटाची लाकडं बदलायची, ऊन असो की पाऊस. खडीचे ढीग पडायचे. सगळा काळा दगड, पन मधीच एखांदा पांढुरका, तांबूस तुकडा निघायचा. बाकीचे गडी त्याला गारगोटी म्हनून फेकून द्यायचे. मालक उचलायचे. जिभंनं वल्ला करायचे, उन्हाकडं धरायचे, अन् आवडला तर धोतराच्या सोग्यात बांधायचे. मला म्हनायचे, "सुक्का दगड समदे सारखेच. वल्ला केला की कळतं कोन कसा हाय ते."

सुट्टीच्या दिशी नदीच्या वाळवंटात जायचे. कुनाची विहीर खोदायली असली की सुरुंगाचा आवाज आईकून पळायचे, वर आलेल्या दगडात बसायचे. एकदा एक दगड आनला, नारळाएवढा, भायेरून शेनाच्या गोळ्यावानी. फोडला तर आत पोकळ, अन् पोकळीत मिठाचे खडे लावल्यावानी चमकायलं. पोरगी त्याच्यात बोट घालून बसली. सासू म्हनली, "लोक दगडाला शेंदूर फासून देव करतेत. आमच्या लेकानं देव सोडले अन् दगड धरला."

"माय, ह्याला नवस लागत न्हाई," मालक म्हनले. "निस्तं पानी लागतं."

शिकलगारानं एका बारीला ते दगड पाह्यले. हातात घोळवून म्हनला, "ये अकीक हय मियां. बडे लोगां अंगुठीमें पैनते." पुढच्या वर्सी त्यानं आपली जुनी सान आमच्याकडंच ठिवली. सान म्हंजे धार लावायचं गोल चाक, पायानं फिरवायचं. म्हनला, "मेरे पावां में दम नै रहा. तू घुमा." अन् जाताना वळून सांगितलं, "पत्थर को पानी पिलाते रैना. नै तो तडकता."

दगड तडकतो म्हनून पानी. मान्साचं काय व्हतं, ते त्यानं सांगितलं न्हाई. त्याला बी ठाऊक नसंल.

मंग घरात ते काम चालू झालं. बांबूच्या कमानीला बारीक तार बांधायची, तिच्याखाली कुरुंदाच्या कडक दगडाची पूड अन् पानी टाकायचं, अन् करवतीवानी ओढत ऱ्हायचं. एक दगड चिरायला लय दिवस जायचे. चिरला की आत कांद्याच्या पाकळ्यावानी रेघा, एकीत एक. मंग लाख तापवून काडीच्या टोकाला तुकडा चिटकवायचा अन् सानीवर धरायचा. सानीच्या वर तेन्नी तेलाचा डबा टांगला व्हता, बुडाला खिळ्यानं भोक पाडून. त्याच्यातून पानी थेंब थेंब पडायचं. खाली पांढरा चिखल व्हायचा, तो मी फेकून द्यायची. शेवटाला लाकडावर अन् जुन्या चपलंच्या चामड्यावर बारीक पूड लावून घासायचे, तोंड दिसंस्तोवर. पोरगी तेन्च्या मांडीवर बसून एकेक दगड तोंडात घालायची, वल्ला करून दाखवायची, "बा, हा घी. हा न्हाई, हा घी."

इकत न्हवते. एकदा परभनीला सोनाराकडं घिऊन गेले तर सोनार म्हनला, "दगड लाख चांगला हाय. बसवायला सोनं आनलंय का?" हसत हसत परत आले. मला म्हनले, "दिवसभर दुसऱ्याचा दगड ठोकतो. हा माझा हाय."

मंग बहात्तरचा दुकाळ पडला.

दुकाळाचं समद्यांनीच सांगितलंय, मी पान्याचं सांगते. आमच्या वस्तीची विहीर आटली. गावच्या विहिरीला पानी व्हतं, पन तिथं आमाला बादली टाकू द्यायचे न्हाईत. आमी धर्म बदलला व्हता, तेन्ची विहीर बदलली न्हवती. कट्ट्याखाली घागर ठिऊन बसायचं, कुनाला दया आली की वरून वतायची. मी सकाळी खडी फोडायच्या कामावर जायच्या आदी बसायची. सासू दुपारी बसायची. जे यायचं त्याच्यात चौघांचं पिनं, भाकरी, समदं.

मालकांनी तवा काम बंद केलं न्हवतं. कमी केलं व्हतं. डब्यात गलासभर पानी टाकायचे, तेच चिखलातून निथळून परत वापरायचे. हे जावंच्या तोंडून कुठं तरी बोललं गेलं. एका सकाळी पाटलीन वरून वतता वतता थांबली.

"काय गं, आमी तुमाला पानी वाढायचं अन् तुमच्या नवऱ्यानं त्यात दगडं धुवायची?"

मी म्हनलं, "न्हाई मायबाई, ते वापरलेलंच पानी..."

"दगडाला पुरतंय म्हंजे तुमाला बी पुरतंय." अन् बादली दुसरीच्या घागरीत वतली.

त्या दिशी रिकामी घागर घिऊन आले. सासूनं विचारलं तवा सांगावं लागलं. मालक आईकत व्हते. उठले, डबा सोडला, भोकात चिंधी कोंबली अन् माझ्यापुढं ठिवला. "उद्यापासून हा बी ने. पानी आनाया कामाला यील."

"अन् तुमचं काम?"

"सुक्कं घासतो. मान्सं तान्ही मरायलीत, मी दगडाला पानी पाजू व्हय?"

यात तेन्चं काय चुकलं, मला आज बी सांगता येत न्हाई.

सुक्का दगड घासला की धूर निघाल्यावानी धूळ निघायची. बारीक, पिठावून बारीक. वाऱ्यानं जावंच्या परातीत गेली. ती आली कमरंला हात लावून. "भावजी, भाकरीत रेल्वेची खडी घालताव का? दात करकर वाजायलेत आमचे."

लोकाला तरास नगं म्हनून तेन्नी सान उचलली अन् मागच्या खोपटात न्हेली. शेळ्या दुकाळात इकल्या व्हत्या, खोपट रिकामंच व्हतं. भायेर धूळ जाऊ नये म्हनून दाराला गोनपाट लावलं, फटी चिंध्यांनी बुजवल्या. आत बसून घासायचे. भायेर यायचे तवा भुवया, मिशा पांढऱ्याफेक. पोरगी टाळ्या वाजवायची, "बा म्हातारा झाला!"

दुकाळ गेला. विहिरीला पानी आलं. पन तवर सुक्क्याची सवय लागली व्हती. म्हनायचे, सुक्कं घासलं की दगड किती गेला ते डोळ्याला दिसतं, चिखल आडवा येत न्हाई. डबा माझ्याकडंच ऱ्हायला, त्याच्यात मी पीठ ठिवायला लागले. दोन-तीन वर्सं तसंच चाललं. त्या वर्सांतले दगड लय गुळगुळीत झाले, हे बी खरं हाय.

आदी खोकला आला. मंग दम लागाया लागला. गँगमधी घन उचलंना. मुकादमानं चार दिवस सांभाळून घेतलं, मंग म्हनला, "घरी बस, बाबा. रुळावर पडलास तर माझी नौकरी जाईल." घरी बसले. अंगातलं मास गेलं, बरगड्या मोजून घ्या. एका डागदराला दाखवलं. त्यानं छातीला नळी लावली, थुंका पाह्यला की न्हाई ते मला ठाऊक न्हाई, म्हनला, टीबी हाय. सुया लिहून दिल्या. अन् म्हनला, ताट-गलास येगळं करा, लेकराला जवळ जाऊ देऊ नका.

सासूनं ते समदं पाळलं. माय व्हती ती तेन्ची, पन घरात एकच लेकरू. तिनं येगळी थाळी केली, खाट भायेर सपरीत, पडवीत टाकली अन् उंबऱ्याच्या अलीकडं पोरीला बसवून सांगितलं, "ह्याच्या म्होरं गेलीस तर तुला बी बा-वानी व्हईल." पोरगी एकदा गेलीच, तेन्च्या खाटंवर चढली. सासूनं तिला वढून आनलं, मारलं, चुलीवरच्या ऊन पान्यानं तिचे हात धुतले. पोरगी बोंबलत व्हती. मालक खाटंवरून म्हनले, "मार माय. पन येऊ देऊ नको." अन् भितीकडं तोंड केलं.

सुयांनी गुन आला न्हाई. वर्सभर टोचल्या. दम वाढतच गेला, आडवं पडून झोपता येईना, गुडघ्यावर हनुवटी टेकवून बसायचे. तवा माझ्या भावानं हट्ट केला अन् आमाला लांबच्या मोठ्या दवाखान्यात न्हेलं. तिथं छातीचा फोटू काढायचा व्हता. खिशात काय असंल ते काढा म्हनले. मालकांनी खिशातून एक दगड काढला, तांबूस, रेघारेघांचा. डागदर तरना व्हता. दगड हातात घेतला.

"कुठून घेतला हा, काका?"

"घेतला न्हाई साहेब. मीच चिरला, मीच घासला." लय दिसानं तेन्चं तोंड फुललं व्हतं.

"छान आहे. आणखी केलेत?"

"लय हायेत घरी. येवा पाहाया."

"घासता कसे? पाणी लावून?"

"न्हाई साहेब, सुक्के. सुक्क्याचीच चकाकी चांगली येती."

डागदरनं दगड टेबलावर ठिवला. घासायची जागा इचारली, दार इचारलं, किती वर्सं ते इचारलं. मालक खुशीत समदं सांगत व्हते, तेन्ला वाटलं साहेबाला शिकायचंय. मला त्याच्या तोंडावरून कळलं, काही तरी वंगाळ हाय. फोटू आल्यावर त्यानं मला अन् भावाला बाजूला न्हेलं. म्हनला, हा टीबी नसावा. दगडाची धूळ छातीत बसलीय, ती निघत न्हाई. औषिद न्हाई ह्याच्यावर.

मालक मागून आले व्हते, आमाला कळलंच न्हाई. तेन्नी एकच इचारलं.

"साहेब, हे लेकराला लागत न्हाई ना?"

"नाही काका. हा लागट आजार नाही."

"मंग झालं," म्हनले.

यष्टीत खिडकीपाशी बसून आले. वाटंनं दम लागत व्हता तरी बोलत व्हते. पोरीला मांडीवर घ्यायचं, तिला तार वढाया शिकवायचं, पानी लावून. मी हो हो म्हनलं.

घरी आल्यावर तेन्नी सपरीतून हाक मारली, "ये गं बाय. आता काय भ्याव न्हाई. साहेबानं सांगितलंय."

पोरगी दारात आली अन् उंबऱ्यावर थांबली. मी म्हनलं, जा. ती माझ्याकडं पाह्यली, आजीकडं पाह्यली. सासू म्हनली, "डागदर बदलला की रोग बदलतो व्हय गं? एक म्हनतो लागतो, एक म्हनतो न्हाई. माझ्या नातीवर आजमावून पाहाया लावताव का?" मी पोरीचा दंड धरून वढलं तर ती किंचाळली. खोटं न्हवती किंचाळत. खरंच भेली व्हती. आठ-नऊ वर्सांचं लेकरू, वर्सभर शिकवलेलं एका दिवसात कसं पुसायचं?

मालक म्हनले, "राहू दे. जबरी करू नको."

त्याच्यावर एक पावसाळा निघाला. पोरगी तेन्ला पानी द्यायला लागली व्हती, मीच लावलं तिला. पन गलास लांब जमिनीवर ठिवायची अन् मागं सरकायची. मालक वाकून उचलायचे, वाकलं की दम लागायचा. एकदा हसले. मला म्हनले, "पाहा, आपली पोरगी बी पाटलीनीवानी पानी द्यायलीय." हसता हसता खोकला आला तो थांबंना. पोरगी पळून गेली.

भादव्यात गेले. सकाळची येळ व्हती, मी भाकरी टाकत व्हते. बसल्या जागीच मान खाली पडली. सासूला मी म्हनलं, आता तरी पोरीला हात लावू द्या. सासूनं नातीचा हात धरला अन् खाटंपस्तोर आनला. पोरीनं तेन्च्या पायाला बोट लावलं, अन् लगेच ते बोट लुगड्याला पुसलं. माझ्याच लुगड्याला.

पोरगी आता स्वता आजी झाली. ती मला कवा कवा इचारती, बा कसा व्हता? मी सांगते. पन ज्याला मांडीवर बसलेलं आठवत न्हाई त्याला सांगून किती कळनार. सासूवर मी कवा रागवले न्हाई. पाटलीनीवर रागवले, पन ती बी मेली. जाऊ कैक वर्सं म्हनायची, मीच बोलले नसते तर. मी तिला म्हनायची, गप बस, भाकर खा.

दगड घासनारे आता लय झालेत म्हनतेत, फरशीवाले, मूर्त्यावाले, अन् मालकांवानी हौसेचे बी. हे कुनी वाचत असंल तर त्याला माझं एवढंच मागनं हाय. दगड घासताना पानी लावा अन् दार उघडं ठिवा. अन् घरात कुनाला दम लागला तर डागदरनं इचारायची वाट पाहू नका, आपनच सांगा की हा मानूस दगड घासतो. लेकरू तेन्च्यापासून तोडायच्या आदी सांगा.