हिरवा धागा, निळे मोजे

धाकट्या जावेला सगळे ‘हिरवी’ म्हणत. नाव थोरलीनेच पाडलं, कारण हिच्या बोटांचा हिरवट काळा रंग काही केल्या जाईना. जाणार तरी कसा? सूत रंगवायचा कारखाना सासऱ्यांमागे दोघींच्या गळ्यात पडलेला, पण बर्फात ठेवलेल्या आम्लाच्या घमेल्यात रंगाचं रसायन घालून, सूत बुडवत वाकून बसायची ती एकटी हिरवीच. घमेलं तापलं की नुसता काळा चिखल. थंड राहिलं तर गर्द हिरवा धागा, आणि त्या धाग्यातून चक्क वीज जायची! सूतच ते, पण सेलला जोडलं की बारका दिवा लागायचा. पहिल्यांदा लागला तेव्हा हिरवी एकटीच टाळ्या पिटत बसली होती.

त्याच धाग्याने बोटांची टोकं शिवलेले हातमोजे तयार झाले. मोजे न काढता फोन चालायचा. कारखाना बुडायच्या बेतात होता, आता एका मोठ्या व्यापाऱ्याच्या मागणीवर सगळी भिस्त. तो येणार म्हटल्यावर थोरलीला कंठ फुटला. म्हणे, “मी शोधलं!” आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला काय लागतं हो? वर हिरवीला बजावलं, “तू आतच थांब गं. ते काळे हात पाहुण्यांपुढे नकोत.”

हिरवीच्या डोक्यात तिडीक गेली.

थोरलीची एक खोड होती, धुतल्याशिवाय कुठली वस्तू माणसापुढे ठेवायची नाही. मोज्यांना आंबूस वास येतो म्हणून तिने सकाळीच बादलीत धुण्याचा सोडा ओतला. हिरवी दारात उभी होती. आम्ल आहे तोवर धागा हिरवा, आणि हिरवा आहे तोवर वीज. सोड्याने आम्ल मेलं की धागा निळा पडतो, दिवा विझतो. नुसतं “अहो, थांबा” म्हटलं तरी पुरलं असतं.

“चांगले चोळा हं जाऊबाई,” हिरवी म्हणाली.

“निळे झाले की गं! उलट बरे दिसतात,” थोरली खूश.

व्यापाऱ्याने मोजा चढवला, फोनवर बोट टेकवलं. ढिम्म. पुन्हा टेकवलं, पुन्हा ढिम्म. थोरली घामाघूम होऊन आत धावली. “अगं, काहीतरी कर! तुझ्या पाया पडते!”

पातळ आम्लाची बाटली हिरवीच्या पाठीमागच्या फळीवर होती. मोजे बुडवायचे, वाळवायचे, की धागा पुन्हा हिरवा. व्यापारी तेवढा वेळ चहाला थांबलाही असता. हिरवीने दोन्ही हात वर करून दाखवले.

“हे काळे हात? पाहुण्यांपुढे? नको हो जाऊबाई.”

काय गार वाटलं म्हणता तिला!

व्यापारी गेला आणि वर्षाच्या आत कारखान्याला कुलूप लागलं. आता दोघी परक्याच्या शिवणघरात शेजारी बसून बटणं लावतात. हिरवीची बोटं स्वच्छ झालीत, नाव तेवढं चिकटलंय. थोरली अजून मधूनच विचारते, “खरं सांग, त्या धाग्याचं तेव्हा काही करता आलं असतं का गं?”

हिरवी दाताने दोरा तोडते. “छे हो,” ती म्हणते, “सूतच ते.”