मित्राची झडप

आमच्या पेशात एक अलिखित नियम आहे, आपल्या माणसावर सुरी चालवायची नाही. कारण सगळे एकच सांगतात, हात थरथरेल. माझा हात कधी थरथरला नाही. या नियमाचं खरं कारण मला वेगळ्याच बाजूने कळलं, आणि ते मला कुठल्या प्रोफेसराने शिकवलं नव्हतं.

मी उज्जैनचा. आमचे पूर्वज दरबारात कारकून म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. मी शिकायला बाहेर राहिलो. परत आलो तेव्हा गावात हृदयाचं ऑपरेशन होण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून राहायचं इथल्याच फ्रीगंज भागात आणि काम करायचं इंदूरला, अशा रोजच्या येरझारा. बायको लवकर गेली. मुलगी कॉम्प्युटर शिकली आणि त्या वर्षांत जी पोरं अमेरिकेला निघाली त्यांत तीही गेली. गावात डिश अँटेना आले, गल्लोगल्ली एसटीडीचे पिवळे बूथ आले, आमच्याकडे परदेशी यंत्रं आली. पूर्वी एखाद्या झडपेसाठी विलायतेहून कुणी येतंय का याची वाट बघायचो, ती आता एका फोनवर मिळू लागली. माझं नाव झालं. नाव झालं की काय होतं, तर लग्नाला गेलं की यजमान पहिल्या रांगेत नेऊन बसवतात, शेजारच्या खुर्च्या आदराने रिकाम्या ठेवतात, आणि जेवताना कुणीतरी हळूच खिशातून ईसीजीची गुंडाळी काढतो.

एक घर तेवढं बाकी होतं. राम घाटाच्या वाटेवरच्या गल्लीत माझा शाळेतला मित्र राहायचा, सरकारी शाळेत गणिताचा मास्तर. रविवारी दुपारी त्याच्याकडे कॅरम ठरलेला. मी आलेला बघून तो उठत नसे. त्याचे पसरलेले पाय ओलांडून मला आत जावं लागे. माझी राणी चुकली की स्वारी खूश. "अबे, लोकांच्या छातीत हात घालतोस अन् एवढीशी गोटी नाही जात तुझ्याच्यानं? तुला डिग्री दिली कोणी?" त्याची बायको आतून ओरडायची, "अहो, जरा तरी मान ठेवा भाऊजींचा!" त्यावर हा म्हणायचा, "याचा? हा सातवीत माझी उत्तरं उतरवून पास झालाय." हे धडधडीत खोटं. उत्तरं तो माझी उतरवायचा. पण आठवडाभर 'सर, सर' ऐकून किटलेले कान तिथे मोकळे व्हायचे. मी त्या शिव्यांवर जगत होतो म्हटलं तरी चालेल.

लहानपणी त्याला सांधे सुजवणारा ताप आला होता. तसल्या तापाने हृदयाची झडप वर्षानुवर्षं आकसत जाते आणि माणसाला ते फार उशिरा कळतं. घाटाच्या पायऱ्या चढताना तो मध्येच बसायला लागला. एका रविवारी मी कॅरम बाजूला सारून त्याची छाती तपासली, आणि ज्याची भीती होती तेच ऐकू आलं. झडप बदलावी लागणार होती आणि तीही लवकर. मी दिल्लीच्या एका वडीलधाऱ्या सर्जनकडे जा म्हणालो.

"दिल्ली-बिल्ली काही जाणार नाही मी," तो म्हणाला. "करवायचं तर तुझ्याच हातून. नाहीतर राहू दे यार, चालून राहिलंय तसं चालू दे."

मी चिडलो, समजावलं, त्याच्या बायकोकडून सांगवून पाहिलं. गडी हलेना. इकडे त्याला दोन वाक्यं सलग बोलता येईनात.

माझी एक पद्धत आहे. पेशंटवर हिरवी चादर घालून झाल्याशिवाय मी थिएटरमध्ये पाऊल टाकत नाही. तोंड दिसत नाही, समोर फक्त वीतभर छाती उरते. सगळी हयात असंच केलं, त्यामुळे ज्यांची हृदयं मी हातात धरली ती माणसं रस्त्यात भेटली तर मला ओळखू येत नाहीत. त्या दिवशीही बाहेर थांबलो आणि मग आत गेलो. चादर नीट होती, पण त्या वीतभर जागेत एक भाजल्याचा डाग होता. एका दिवाळीत आम्ही दोघांनी मिळून डब्याखाली सुतळी बॉम्ब लावला होता, त्याचा. डागाच्या कडेने चीर घेतली. हृदय थांबवलं, धातूची झडप बसवली. पुन्हा सुरू करायच्या वेळी ते नुसतंच वळवळत राहिलं, तेव्हा मी मास्कच्या आत त्याला, अगदी त्याच्याच भाषेत, एक सणसणीत शिवी हासडली. मग ते चालू लागलं. हा मेला तर मी कुणाच्या घरी जाणार, एवढीच भीती मला होती. वाचला तर काय, हा विचार मनाला शिवलाही नाही.

तो छान बरा झाला. घरी आल्यावरच्या पहिल्या रविवारी मी गेलो, तर भिंतीला धरून उठून उभा राहिला. "बस रे, टाके ताजे आहेत," मी म्हणालो. तो बसला, पण मी बसल्यावर. मला वाटलं, आजारपणाने हळवा झालाय, जाईल. पुढे गादीवर धुतलेली चादर आली, माझ्यासाठी वेगळा कप आला. गुरुपौर्णिमेला सकाळी दार वाजलं. आमच्या गावात त्या दिवशी ज्याला त्याला कुणाच्या तरी पाया पडायची घाई असते. दारात हा उभा, हातात नारळ, शाल आणि पेढे. मी काही बोलायच्या आत वाकला. माझ्या पायांशी नव्या झडपेची टिकटिक स्पष्ट ऐकू आली.

"अबे, काय पागलपणा लावलाय हा?"

"करू द्या आज," तो म्हणाला. "दुसरा जन्म दिलात मला."

मला त्याचा राग आला. रडूही आलं असतं, पण त्याने पेढा तोंडाशी धरला होता.

त्यानंतरच्या रविवारी डाव रंगला होता. त्याची शेवटची गोटी भोकाच्या अगदी तोंडाशी होती, फुंकर घातली असती तरी गेली असती. त्याने स्ट्रायकर भलतीकडेच मारला आणि टाळी वाजवून म्हणाला, "वा! जिंकलात!"

"मुद्दाम हरलास."

"छे हो."

"मला एक शिवी दे," मी म्हणालो. "एकच दे यार."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. त्याने खरंच प्रयत्न केला, ओठ हललेसुद्धा. मग डोळे भरून आले आणि त्याने हात जोडले. "नाही होत, साहेब."

मी चहा तसाच टाकून निघून आलो.

पुढच्या रविवारी गेलो नाही. पूर्वी असा खाडा केला असता तर त्याने घरी येऊन माझी सालटी काढली असती. दिवसभर माझे कान फाटकाकडे. संध्याकाळी त्याची बायको एकटीच आली, बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन. आत या म्हटलं तर पायरीवरूनच म्हणाली, "नको भाऊजी. यांनी बजावून ठेवलंय, तुमचा वेळ घ्यायचा नाही. कामात असाल तुम्ही."

सकाळपासून मी कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो.

"हो," मी म्हणालो, "जरा कामातच आहे." आणि डबा घेतला.