निळ्या पट्टीखालची रेघ

लोरेटा बेडनार ओरखडा आधी बघत नाही, आधी त्यावर नख फिरवते. अंगठ्याचं नख कार्डाच्या प्लास्टिकच्या डबीवरून हळूच नेते. अडकलं तर पॉलिश पेपर, नाही अडकलं तर नुसती क्रीम, संपला विषय. चौतीस वर्षं चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासली तिने, त्यामुळे तिच्या नखालाही दिसतं असं आम्ही पार्मा गावातले लोक म्हणतो आणि ती म्हणते, गप्प बसा.

चर्चच्या तळघरात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कार्डांचा बाजार भरतो. बेसबॉलवाल्यांची जुनी कार्डं, बास्केटबॉलची, लहान पोरांची राक्षसवाली, सगळंच. कार्ड भारी असलं की लोक ते कंपनीकडे पाठवतात. कंपनी त्याला दहापैकी मार्क देते, वर चिठ्ठी लावते आणि जाड पारदर्शक डबीत कायमचं बंद करून परत पाठवते. मग आतलं कार्ड राहतं झकास आणि डबीच खिशात घासते, डबीच हातातून पडते. नऊ मार्कांचा खेळाडू, पण नाकावरून ही मोठी चीर गेलेली दिसते. ती डबी घेऊन लोक लोरेटाकडे येतात. तिचं टेबल कोपऱ्यात, फ्रीजरशेजारी. एक दिवा, फडकी, क्रीमची डबडी, बस.

"टूथपेस्ट चोळलीस ना यावर?" एकाला तिने विचारलं.

"थोडीशीच. इंटरनेटवर बघितलं होतं."

"दात कसे आहेत तुझे?"

"चांगले आहेत की."

"मग तिकडेच लावत जा."

तिचा एक नियम आहे. काम सुरू करायच्या आधी डबीच्या चारही कडांना निळी चिकटपट्टी लावते. डबी दिसते घट्ट बंद, पण सांध्यातून पाणी आत जातंच. पहिल्याच वर्षी एका माणसाचं कार्ड तिच्या हातून कोपऱ्याला फुगलं, तेव्हापासून पट्टीशिवाय ती डबीला हात लावत नाही. आणि पट्टी ती स्वतः काढत नाही. मालकाने काढायची, तिच्यासमोर, आणि सांधा कोरडा आहे ते बघून मगच डबी न्यायची.

हे टेबल तिला गस टिमचाकने दिलं. बाजार तोच चालवतो. तिचा नवरा एमिल गेला त्या वर्षी गस म्हणाला, घरी बसून भिंतीशी बोलण्यापेक्षा इथे ये. तेव्हापासून दर बाजाराला बरोबर बारा वाजता गस स्वयंपाकघरातून तिच्यासाठी बटाट्याच्या पिरोगींची, म्हणजे उकडलेल्या करंज्यांची, प्लेट आणतो, पाच पिरोगी, कांदा जास्त. आणि दहा मिनिटं बसतो.

"काय म्हातारे, किती नाकं साफ केलीस?"

"तुझं सोडून सगळ्यांची."

महिन्यात तिला कुणाबरोबर बसून जेवायला मिळतं ते एवढंच. ती असं कधी म्हणणार नाही, पण आम्हाला माहिती आहे.

तर ऑक्टोबरमध्ये गसने स्वतःची डबी आणली. पन्नासच्या दशकातला एक पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज, आठ मार्क. अकरा वर्षं त्याने ती लोकरीच्या मोज्यात जपलेली. घराचं छप्पर गळत होतं म्हणून विकायला काढली होती. एक वाजता कोलंबसहून डेल प्रूइट नावाचा माणूस घ्यायला येणार होता. समोर एक ओरखडा होता, तेवढा काढून दे म्हणाला आणि गेला.

लोरेटाने नख फिरवलं. अडकलं नाही. मग पट्टी लावायला डबी आडवी धरली, आणि खालच्या सांध्यावर तिला दुधाळ रेघ दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी. अशी रेघ एकाच गोष्टीची असते, कुणीतरी पातं घालून डबी उघडली होती आणि परत चिकटवली होती. म्हणजे चिठ्ठीवरचे आठ मार्क आतल्याच कार्डाचे आहेत की दुसऱ्या कुठल्या, कोण सांगणार.

क्रीमचा हात दोनदा फिरवला असता तर रेघ गेली असती. गसचं छप्पर झालं असतं, बाराची प्लेट आली असती. आणि डेल प्रूइटला ती ओळखतही नव्हती.

तिने थोडा वेळ स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. मग सांध्यावर पट्टी दाबून लावली आणि फक्त समोरचा ओरखडा काढला.

गस प्लेट घेऊनच आला. "झालं? वा! आंघोळ घातल्यासारखा दिसतोय गडी!"

"पट्टी काढ."

"डेलसमोर काढतो ना, त्यालाही मजा."

"आत्ता काढ, गस."

त्याने प्लेट टेबलावर ठेवली आणि पट्टी काढली. तिने त्याचं मनगट धरून डबी दिव्याखाली तिरकी केली. गसला काही समजवायची गरज नव्हती. असल्या रेघेपायी त्याने आजवर तीन जणांना बाजारातून हाकललं होतं.

"अकरा वर्षं मोज्यात होती गं ही."

"त्याच्या आधीचं आहे."

"तू कशाला बघितलंस?"

"पट्टी लावताना दिसतंच."

"मग न बघता लावायची!"

लोरेटाने निघालेली पट्टी गोळा करून बाजूला ठेवली.

"घासली असतीस तर गेली असती?" त्याने हळू विचारलं.

"दोन मिनिटांत."

गसने डबी उचलली. दुसऱ्या हाताने प्लेट घेतली, तीही तशीच परत गेली. एक वाजता डेल आला तेव्हा गसने स्वतःच त्याला सांधा दाखवला. डेलने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, असं होतं म्हणाला, आणि कॉफी पिऊन कोलंबसला गेला.

नोव्हेंबरमध्ये टेबल जागेवर होतं, प्लेट आली नाही. बारा वाजता लोरेटा फडकी धूत राहिली. डिसेंबरमध्ये ती घरूनच सँडविच घेऊन आली आणि फ्रीजरकडे तोंड करून खाल्लं. गस हॉलभर फिरायचा, त्या कोपऱ्यात तेवढा यायचा नाही.

जानेवारीत बर्फामुळे माणसंच कमी होती. साडेबाराला गस आला. टेबलावर प्लेट ठेवली, शेजारी ती डबी.

"मागच्या बाजूला एक ओरखडा राहिलाय."

लोरेटाने नख फिरवलं. "विकायचीय?"

"नाही. मला बघायला."

"आणि खालची रेघ?"

"असू दे."

तिने पट्टीचं बंडल घेतलं आणि टोक शोधायला लागली.

"आधी खा," गस खुर्ची ओढत म्हणाला. "गार झालेत."

"गारच आणलेस."